बिऱ्हाडातलं पाणी

वॉर्डातून फोन आला तेव्हा सकाळचे पावणेसात वाजले होते आणि मी शुभाताईंच्या नॉटिंगहॅमच्या घरात, त्यांच्याच किचनमध्ये, रवीसाठी चहा टाकत होते. बोलणारी नर्स आवाजावरून तरुण वाटली. तिनं आधी माझं नाव नीट विचारून घेतलं, मग मी पेशंटची कोण ते विचारलं. सिस्टर-इन-लॉ म्हटल्यावर तिनं त्यांचे भाऊ घरात आहेत का, असं विचारलं... तेवढ्यावरून मला कळलं. रवी वर अंघोळ करत होता. मी गॅस बंद केला, जिन्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसले आणि त्याला हाक मारली नाही. तो आपणहून खाली येईपर्यंत आठ-दहा मिनिटं गेली असतील. तेवढा वेळ त्याची बहीण त्याच्यापुरती जिवंत होती. त्याला देण्यासारखं माझ्याकडे तेवढंच होतं.

याला आता तीन महिने झाले. ताईंवर काही लिहून दे, असं इथल्या मराठी मंडळाच्या पुरवणीसाठी मला सांगितलं गेलं तेव्हा मी हो म्हटलं, कारण त्यांना ओळखणारी माणसं इथं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याबद्दल चार चांगल्या गोष्टी सांगणं अवघड नव्हतं. कागद पुढे घेतल्यावर मात्र लक्षात आलं, की एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला बाकीचं काही सांगता येणार नाही. ती चांगली नाही.

शुभाताई रवीच्या मोठ्या बहीण, म्हणजे माझ्या नणंद. पुण्यात शिकल्या, भूलतज्ज्ञ झाल्या आणि तिशीच्या आत इथं आल्या. नॉटिंगहॅमच्या एकाच हॉस्पिटलात त्यांनी सगळी नोकरी केली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही आणि विचारायची सोयही ठेवली नाही. मी लग्न होऊन बेसिंगस्टोकला आले तेव्हा मला त्यांची भीती वाटायची. फोनवर त्या कामापुरतं बोलायच्या, आमच्याकडे आल्या की एक रात्र राहायच्या आणि निघताना अंथरूण-पांघरूण घडी करून गादीच्या बरोबर मध्यावर ठेवायच्या. रिटायर झाल्या त्या वर्षी त्यांनी एक सेकंडहँड मोटरहोम घेतली. जुनी, मळक्या पांढऱ्या रंगाची, आत दोन माणसांपुरता बिछाना, गॅसची शेगडी, सिंक, टीचभर बाथरूम. मंडळातल्या बायकांनी त्यांना दिवाळीच्या कार्यक्रमात गाठून विचारलं, की एकट्या बाईनं असं रानोमाळ हिंडायचं म्हणजे काय. ताई म्हणाल्या, "तीस वर्षं लोकांना झोपवलं. आता स्वतः जरा जागी राहीन म्हणते." त्या गाडीला त्या बिऱ्हाड म्हणायच्या. विंचवाचं असतं ना पाठीवर, तसं.

त्या बिऱ्हाडात मी पहिल्यांदा बसले ते साथीच्या वर्षात. माझी आई पुण्यात गेली आणि विमानं बंद होती. तिचं शेवटचं दर्शन मी फोनच्या स्क्रीनवर घेतलं, तेही मधेच अडकत होतं. नंतर महिनोन्महिने मी लॅपटॉपसमोर बसून ऑफिसचं काम करायची, जेवण करायची, आणि त्यातलं मला काही आठवायचं नाही. बंधनं जरा सैल झाल्यावर ताई एके दिवशी न सांगता दारात येऊन उभ्या राहिल्या. रवीला म्हणाल्या, "हिला आठवडाभर नेते." मला म्हणाल्या, "दोन स्वेटर घे." त्यांनी मला नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर नेलं. सहा दिवसांत त्यांनी आईचा विषय काढला नाही, धीराचे शब्द सांगितले नाहीत. सकाळी किटली ठेवायच्या, दार उघडं टाकायच्या, आणि आम्ही पायरीवर बसून समुद्राकडे बघत चहा प्यायचो. पाचव्या दिवशी मी रडायला लागले ते दुपारपर्यंत रडतच होते. ताई शेजारी बसून वाटाणे सोलत राहिल्या. वाटाणे संपल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, कोरडा, थंडगार हात, आणि म्हणाल्या, "अहो-जाहो पुरे आता, अंजू. तू म्हण मला." मला ते शेवटपर्यंत जमलं नाही. पण त्या दिवसापासून भीती गेली.

परत आलो तेव्हा ऑक्टोबर संपत आला होता. त्यांच्या घरी पोचल्यावर त्या म्हणाल्या, "थांब, पाणी काढून मग जा." मला वाटलं टाकी रिकामी करायची असेल, पाच मिनिटांचं काम. अडीच तास लागले. या देशात हिवाळ्याआधी मोटरहोममधलं पाण्याचं टिपूस न टिपूस काढून टाकावं लागतं, कारण राहिलेलं पाणी गोठतं, गोठलं की फुगतं, आणि पाइप, पंप, नळ, गीझर, जे सापडेल ते आतून फोडतं. हे सगळं ताईंनी मला हाताला धरून शिकवलं. आधी पंप बंद करायचा. मग सगळे नळ उघडायचे आणि त्यांची दांडी गरम आणि गार यांच्या मधोमध ठेवायची, म्हणजे दोन्हीकडचं पाणी सुटतं. शॉवरचं डोकं खाली सोडून द्यायचं. सीटखालचा गीझरचा पिवळा खटका उचलायचा. मग बाहेर येऊन जमिनीवर आडवं व्हायचं, गाडीच्या पोटाखाली हात घालायचा आणि मोठ्या टाकीची चावी सोडायची. सगळं वाहून गेलं की पंप क्षणभर चालू करायचा, त्याच्या घशातलं पाणी थुंकायला लावायचं आणि लगेच बंद. शेवटी नळ तसेच उघडे ठेवून दार लावून घ्यायचं. "क्रम चुकवायचा नाही," त्या म्हणाल्या. "भूल देण्यासारखंच आहे. घाई केली की कुठंतरी राहतं, आणि जे राहतं ते नंतर त्रास देतं." त्या वर्षीपासून दर ऑक्टोबरच्या शेवटी मी नॉटिंगहॅमला जायची. पाणी काढून झालं की त्या पिठलं-भात करायच्या. रवी गमतीनं म्हणायचा, माझी बायको माझ्या बहिणीकडे भाऊबीजेला जाते.

मग ताईंची नजर गेली. एकदम नाही. समोर बघितलं की मधलं दिसायचं नाही, कडेचं दिसायचं. माणसाचा चेहरा सोडून त्याचे कान दिसतात, असं त्या सांगायच्या. डॉक्टर असल्यामुळे पुढं काय होणार हे त्यांना ठाऊक होतं. कुणी सांगायच्या आत त्यांनी स्वतः फॉर्म भरून लायसन्स परत पाठवून दिलं. रवी म्हणाला, "गाडी विकून टाकूया, ताई. घरापुढच्या ड्राइव्हवर उभी करून काय करणार?" त्या म्हणाल्या, "बसणार." आणि खरंच बसायच्या. दर वसंतात टाकी भरायच्या आणि दुपारचा चहा गाडीत करून प्यायच्या. चाकं हलायची नाहीत, खिडकीतून समोरच्या घराचे कचऱ्याचे डबे दिसायचे, पण किटली तीच, पायरी तीच. अशी दोन वर्षं गेली. पाणी काढण्याचं काम मात्र आता सगळं माझ्याकडे आलं होतं. त्या बाहेर खुर्ची टाकून बसायच्या आणि क्रम सांगायच्या.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मला जमलं नाही. आमच्या सॉफ्टवेअरचं रिलीज पुढं ढकलत ढकलत महिनाअखेरीवर आलं होतं आणि टेस्टिंगची जबाबदारी माझी होती. ताईंना तसं सांगितलं तर म्हणाल्या, "अजून थंडी कुठं आहे, ये सावकाश." नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मंडळाचा फराळ होता आणि चिवडा माझ्याकडे होता. दुसऱ्या शनिवारी रवीला ताप होता. तिसऱ्या शनिवारी... तिसऱ्या शनिवारी काही नव्हतं. मी सकाळी उठले, पाऊस बघितला, तीन तास जायचे आणि तीन तास यायचे, असा विचार केला आणि पुन्हा पांघरूण ओढून घेतलं. दुपारी ताईंना फोन करून सांगितलं की मोटरवेवर फार ट्रॅफिक आहे म्हणतात. त्या म्हणाल्या, "असू दे." आजवर ही गोष्ट मी रवीलाही सांगितलेली नाही. तो ती इथंच वाचेल.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी साडेतीनला ताईंचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होते, बाहेर येऊन घेतला.

"अंजू, उद्या पहाटे उणे पाच सांगतायत."

"ताई, एका दिवसानं काही होत नाही. मी रविवारी नक्की येते."

"एका दिवसानंच होतं गं." मग म्हणाल्या, "बरं. ये रविवारी. मीटिंगमध्ये आहेस वाटतं, जा तू."

आवाजात राग नव्हता. मी फोन ठेवला आणि आत गेले. मीटिंग कशाबद्दल होती ते आता आठवत नाही.

फोन ठेवल्यावर थोड्याच वेळानं ताई बाहेर गेल्या असाव्यात. चारला इथं अंधारायला लागतं. त्यांनी कोट घातला नव्हता, एक कार्डिगन आणि हातात टॉर्च. गाडीच्या बाजूला त्या गुडघ्यावर बसायला गेल्या आणि तोल जाऊन गाडीखाली पडल्या, की आधी हाड मोडलं आणि मग पडल्या, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही. खुब्याचं हाड मोडलं होतं. शेजारचा ब्रायन सहाला कामावरून आला, तेव्हा त्याच्या कारच्या उजेडात त्याला मोटरहोमच्या खालून बाहेर आलेले दोन पाय दिसले. त्याला वाटलं ताई काहीतरी दुरुस्त करतायत. कार लावून, दार उघडून आत जाताना त्यानं आवाज दिला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "ब्रायन, प्लीज अँब्युलन्स बोलाव. आणि मला हलवू नकोस." दोन तास त्या तिथं पडून होत्या. टाकीची चावी त्यांच्या हातापासून वीतभर लांब राहिली होती.

ज्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर भूल दिली तिथंच त्यांचं ऑपरेशन झालं. ते नीट झालं. सगळ्यांनी जे करायचं ते केलं, त्याबद्दल माझी कुठलीही तक्रार नाही. पण थंडी छातीत शिरली होती आणि चौथ्या दिवसापासून न्यूमोनिया झाला. रवीनं आणि मी रजा टाकली आणि ताईंच्या घरी राहायला आलो. सकाळ-संध्याकाळ वॉर्डात, मधल्या वेळात घरी. दिवसातून चार वेळा आम्ही त्या मोटरहोमच्या बाजूनं ये-जा करायचो. तिच्यात अजून सगळं पाणी होतं आणि मला ते माहीत होतं. रोज सकाळी मी ठरवायची की आज अर्धा तास काढायचा आणि हे उरकायचं. रोज मी दारातून बाहेर यायची, ती जागा दिसायची, जमिनीवरचा तो पट्टा, जिथं मला आडवं व्हावं लागणार होतं, आणि माझे पाय कारकडे वळायचे. रवीच्या ते डोक्यातही नव्हतं. पाण्याचं काम माझं होतं, तो त्यात कधी पडला नव्हता.

ऑपरेशननंतर आठवड्यानं एका दुपारी ताई जरा हुशारीत होत्या. ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून त्यांनी माझ्याकडे मान वळवली. माझा चेहरा त्यांना दिसत नव्हता, तरी वळवली.

"पाणी काढलंस ना?"

"हो, ताई."

रवी पलीकडच्या खुर्चीत बसला होता. मला वाटलं एवढ्यावर संपेल. पण ताईंना क्रम हवा होता.

"पंप आधी बंद केलास?"

"हो."

"नळ मधे ठेवलेस?"

"हो."

"गीझरचा खटका?"

"उचलला."

"खालची चावी घट्ट असते. निघाली?"

"निघाली, ताई. सगळं गेलं."

"मग ठीक," त्या म्हणाल्या. रवीनं मास्क पुन्हा नीट बसवला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि पांघरुणाखाली चाचपत माझा हात धरला. त्यांना खरं वाटलं का, हे मला माहीत नाही. तीस वर्षं त्यांनी माणसांना भूल देण्याआधी प्रश्न विचारले होते, कधीपासून उपाशी आहात, दात हलतात का, आणि कोण खोटं बोलतं हे त्यांना आवाजावरून कळायचं असं त्याच मला सांगायच्या. कळलं असेल तर त्या काहीच बोलल्या नाहीत. कळलं नसेल तर त्या माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या. या दोन्हीतलं मी काय मागावं, ते मला तीन महिन्यांत ठरवता आलेलं नाही. त्यानंतर बाराव्या दिवशी त्या गेल्या. त्या बारा दिवसांतही मी पाणी काढलं नाही.

इथं अंत्यसंस्काराला तारीख मिळायला वेळ लागतो. नवीन वर्ष उजाडल्यावर आम्हाला मिळाली. जुने सहकारी आले, काही निवृत्त नर्सेस काठ्या टेकत आल्या, ब्रायन काळा टाय लावून आला. सगळे म्हणत होते, किती शांत बाई, किती व्यवस्थित. मी पहिल्या रांगेत बसले होते. लोक येऊन माझे हात हातात घेत होते, तुम्ही किती केलंत त्यांचं, असं म्हणत होते. मी मान हलवत होते.

फेब्रुवारीत घर विकायचं ठरलं आणि रवीनं मोटरहोम बघायला एका माणसाला बोलावलं. तो जुन्या गाड्या घेऊन दुरुस्त करून विकतो. मी आणि रवी बाहेर उभे होतो. त्या माणसानं आत जाऊन पंप चालू केला. घरघर झाली आणि गाडीच्या पोटाखालून तीन-चार ठिकाणांहून पाणी गळायला लागलं. त्यानं घाईनं बंद केला, आत बराच वेळ खाटखूट केलं आणि बाहेर आला. म्हणाला, गीझर उभा चिरलाय, पंप फुटलाय, फरशीखाली सगळं भिजून कुजायला लागलंय. दुरुस्तीत अर्थ नाही, सुट्या भागांसाठी नेईन. मग हात पुसत म्हणाला, "हिवाळ्याआधी कुणी पाणी काढलं नाही वाटतं." सहज म्हणाला. त्याच्या दृष्टीनं असं दर वर्षी दहा जणांचं होत असेल.

रवीनं माझ्याकडे पाहिलं. "तू तर ताईला म्हणाली होतीस..."

"हो," मी म्हटलं.

"मी तिथंच बसलो होतो, अंजली."

"हो."

परतताना सगळा रस्ता त्यानंच गाडी चालवली आणि मधे एकदा थांबून माझ्यासाठी कॉफी आणली. तेव्हापासून तो माझ्याशी नीट वागतो, फार नीट वागतो, आणि ताईंचं नाव माझ्यासमोर घेत नाही. फोनवर पुण्याच्या काकूंशी ताईंबद्दल बोलत असला आणि मी खोलीत आले, की तो विषय बदलतो. त्याची बहीण आता त्याच्या एकट्याची झाली आहे. माझ्या वाटणीची ती त्यानं काढून घेतली असं मी म्हणणार नाही. मीच ती हरवली.

मागच्या गुरुवारी मोटरहोम न्यायला ट्रक येणार होता. रवी म्हणाला, मला सुट्टी नाही, ब्रायनला किल्ली देऊ. मी म्हटलं, मी जाते. तो हं म्हणाला. मी पोचले तेव्हा ट्रक आधीच येऊन रस्त्यात उभा होता. ड्रायव्हरनं आधी गाडीखाली वाकून बघितलं आणि म्हणाला, मोठ्या टाकीत अजून पाणी आहे, ते काढल्याशिवाय चढवणार नाही, वजन पडतं. चावी कुठं आहे ते मी बघू का, असंही त्यानं विचारलं. मी नको म्हटलं. आत गेले. पंप बंद आहे हे पाहिलं. सिंकचा नळ उघडून दांडी मधोमध आणली, मग बाथरूममधला. शॉवर खाली सोडला. सीट उचलून पिवळा खटका वर केला, त्यातून काहीच आलं नाही, जायचं ते केव्हाच गेलं होतं. मग बाहेर आले आणि जमिनीवर आडवी झाले. कोट ओला झाला. गाडीच्या पोटाखाली हात घातला. चावी घट्ट होती. दोन्ही हातांनी जोर केल्यावर फिरली.

पाणी माझ्या मनगटावरून वाहायला लागलं. हे पाणी ताईंनी मे महिन्यात भरलं होतं. डोळ्यांना दिसत नव्हतं म्हणून त्यांनी टाकीच्या तोंडाशी कान लावून, आवाजावरून भरली होती, आणि भरत आली तशी मला फोनवर ऐकवली होती. आता ते ड्राइव्हच्या उतारावरून ब्रायनच्या भिंतीच्या कडेकडेनं रस्त्यावर चाललं होतं आणि कोपऱ्यावरच्या जाळीत पडत होतं. स्वच्छ होतं. मी उठले नाही. हात तसाच त्याच्याखाली धरून पडून राहिले. बऱ्याच वेळानं ड्रायव्हरचे बूट माझ्याजवळ येऊन थांबले आणि त्यानं विचारलं, झालं का.

मी म्हटलं, "अजून येतंय."